वाचक विचारतात : अरब चित्रपट, पाहताना आणि दाखवताना

गेल्या अंकातल्या अरब चित्रपटांवरच्या लेखानंतर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. चित्रपटांची नावं शक्यतो जगभर चालणारीच ठेवली आहेत, म्हणजे शोधणं सोपं जाईल.

प्रश्न (फोंडा) : दर नोव्हेंबरला पणजीत इफ्फी चित्रपट महोत्सवात एखाददुसरा पॅलेस्टिनी किंवा लेबनीज चित्रपट पाहतो. भिडतो, पण निम्मं डोक्यावरून जातं. पद्धतशीर पाहायचं तर सुरुवात कुठून करावी?

उत्तर : ‘द डुप्स’पासून करा (१९७२, कृष्णधवल). इजिप्तचे तौफीक सालेह यांनी तो सीरियात, तिथल्या सरकारी चित्रपट संस्थेसाठी केला. मूळ कादंबरिका पॅलेस्टिनी लेखक घस्सान कनफानी यांची. वेगवेगळ्या वयाचे तीन पॅलेस्टिनी निर्वासित बसऱ्याहून पाण्याच्या रिकाम्या टँकरमध्ये लपून कुवेतला कामाला निघतात, एवढीच गोष्ट. कुवेतला माणूस का जातो आणि मागे घरात काय ठेवून जातो, हे गोव्यातल्या वाचकाला वेगळं समजवायला नको. तपासणी नाक्यावरच्या प्रसंगाकडे नीट लक्ष द्या. टँकरचं झाकण बंद आहे, ड्रायव्हर कागद घेऊन धावतोय, आणि वातानुकूलित कचेरीतले कारकून त्याला थट्टामस्करीत अडकवून ठेवतात. यात कोणी खलनायक नाही, आणि म्हणूनच तो प्रसंग सहन होत नाही. कनफानींची त्याच वर्षी ८ जुलैला बैरुतमध्ये गाडीत बॉम्ब ठेवून हत्या झाली. चित्रपटाची दुरुस्त केलेली प्रत २०२३ मध्ये आली आहे, तीच मिळवा. टँकरच्या आतला अंधार आणि बाहेरचं पांढरं ऊन यांवरच चित्रपट उभा आहे, आणि खराब प्रतीत तो फरक उरत नाही.

दुसरा मिशेल ख्लेइफी यांचा ‘वेडिंग इन गॅलिली’ (१९८७). गावात संचारबंदी आहे. मुखत्याराला, म्हणजे गावच्या मुख्याला, मुलाचं लग्न थाटात करायचंय, लष्करी गव्हर्नर परवानगी देतो, पण मानाचं आमंत्रण आपल्याला हवं या अटीवर. इस्रायलमध्ये राहिलेल्या अरब नागरिकांवर १९४८ ते १९६६ लष्करी प्रशासन होतं, एवढं माहीत असलं की त्या अटीचं ओझं कळतं. तिसरा झियाद दुएरी यांचा ‘वेस्ट बैरुत’ (१९९८). १९७५ मध्ये शहर दुभंगलं तेव्हा शाळकरी पोरांना ती आधी सुट्टीच वाटते. लेबनॉनचं यादवी युद्ध पुढे १९९० पर्यंत चाललं.

एलिया सुलेमान यांचा ‘द टाइम दॅट रिमेन्स’ (२००९) चौथा ठेवा. पुष्कळजण सुरुवातच सुलेमानपासून करतात आणि तिथेच अडखळतात. त्यांचा कॅमेरा हलत नाही, स्वतः दिग्दर्शक पडद्यावर येतो पण बोलत नाही, आणि विनोद कळायला नाझरेथच्या माणसाची अडचण आधी कळावी लागते : तो आपल्याच गावात राहतो, पण गाव आता दुसऱ्या देशात आहे. आधीचे तीन पाहून झाले असले की ते मौन बोलायला लागतं.

आठवड्याला एक पुरे. महोत्सवात दिवसाला चार पाहिले की रात्री कुठलं प्रेत कुठल्या चित्रपटातलं हे आठवत नाही, आणि या विषयाच्या बाबतीत तसं होणं बरं नाही.

प्रश्न (म्हापसा) : नोकरीचा बराच काळ कुवेत आणि बहरीनमध्ये गेला. कामापुरती अरबी येते. तरी मोरोक्कोचा चित्रपट लावला तर एक वाक्य समजलं नाही. माझीच अरबी कच्ची, की आणखी काही?

उत्तर : तुमची अरबी कच्ची नाही, ती खलीजी, म्हणजे आखाती आहे. मोरोक्को-अल्जीरियाची बोली दारिजा. तिच्यात अमाझिघ (बर्बर) आणि फ्रेंच शब्द मिसळलेत, स्वर गिळले जातात. बैरुतच्या माणसालाही ती जड जाते. ‘आत्ता’ला कुवेतमध्ये ‘अल्हीन’, शामी (सीरिया-लेबनॉनकडच्या) बोलीत ‘हल्लअ’, कैरोत ‘दिलवअती’. कैरोची बोली मात्र सगळीकडे समजते, कारण अनेक दशकं चित्रपट आणि गाणी तिथूनच सर्वत्र गेली.

तुमच्या कानाला जवळचा चित्रपट म्हणजे खालिद अल् सिद्दिक यांचा ‘बस या बहर’ (१९७२), कुवेतचा पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट. तेलाआधीचं कुवेत, मोत्यांसाठी बुडी मारणारे खलाशी, कर्जात अडकलेली घरं. तुम्ही पाहिलेल्या कुवेतच्या खाली हे दुसरं कुवेत आहे. तिथे १९६१ पर्यंत रुपया चालायचा, हे आठवलं तर अंतर आणखी कमी होईल.

प्रश्न (मडगाव) : ‘स्वतंत्र’ अरब चित्रपट म्हणतात, पण श्रेयनामावलीत फ्रान्स, जर्मनी, बेल्जियम, कतार अशी रांग दिसते. पैसा युरोपचा तर नजर कोणाची?

उत्तर : प्रश्न रास्त आहे आणि तिथले दिग्दर्शकही तो विचारतात. सुलेमान यांच्या ‘इट मस्ट बी हेवन’मध्ये (२०१९) पॅरिसचा निर्माता त्यांना सांगतो की तुमची कथा पुरेशी पॅलेस्टिनी नाही. हा प्रसंग पडद्यावर हसवतो, पण असल्या अपेक्षांमुळे एखादी साधी प्रेमकथा किंवा कौटुंबिक कथा वर्षानुवर्षं कागदावर पडून राहते.

पैशाची वाट समजून घेतली तर नजरही ओळखता येते. इजिप्तमध्ये स्टुडिओंचा धंदा होता, तिथे ‘स्वतंत्र’ म्हणजे त्या धंद्याबाहेरचा. सीरियात सरकारी संस्थाच निर्माती. ‘द डुप्स’ सरकारी पैशातून झाला आणि तरी अरब सरकारांना झोंबणारा झाला. पॅलेस्टिनी दिग्दर्शकाला स्वतःचं राज्यच नाही, तेव्हा अनुदान देणार कोण? ख्लेइफी ब्रुसेल्सला शिकले आणि तिथूनच पैसा उभा केला. सहनिर्मितीला अट चिकटून येते : इतका खर्च आमच्या देशात, इतके तंत्रज्ञ आमचे. म्हणून चित्रीकरण हायफात आणि संकलन, ध्वनिमिश्रण पॅरिसला. सीमेवर कॅमेऱ्याची पेटी अडते, नटाला परवाना मिळत नाही, आणि मग जॉर्डनमधलं गाव वेस्ट बँकचं गाव म्हणून चित्रित करावं लागतं. पडद्यावर रस्ता एकाएकी अनोळखी वाटला, तर कारण बहुधा हेच असतं.

अरब पैशाचे मार्गही झाले. ट्युनिशियातला कार्थेज महोत्सव १९६६ पासून आहे. तो अरब आणि आफ्रिकी चित्रपटांसाठीच उभा राहिला, आणि ‘द डुप्स’ला तिथेच सर्वोच्च पुरस्कार मिळाला. बैरुतचा अरब कला व संस्कृती निधी २००७ चा, दोहाची चित्रपट संस्था २०१० ची. त्यामुळे आजच्या दिग्दर्शकाला एकाच दारात उभं राहावं लागत नाही. पण कथा मुळात कोणासाठी लिहिली आहे, हे ओळखायचं असेल तर पात्रं एकमेकांना काय समजावून सांगतात ते ऐका. घरातल्या माणसाला घरातलीच माहिती सांगणारे संवाद आले, की ते बाहेरच्या प्रेक्षकासाठी घातलेले असतात. ॲनमरी जसिर यांच्या ‘वाजिब’मध्ये (२०१७) बाप आणि परदेशाहून आलेला मुलगा नाझरेथमध्ये घरोघर लग्नपत्रिका वाटत फिरतात आणि असं एकही स्पष्टीकरण देत नाहीत. या बाबतीत तो आदर्श मानावा.

प्रश्न (पणजी) : पॅलेस्टिनी चित्रपटांचा सगळा संग्रह बैरुतमध्ये हरवला असं वाचलं. मग आज जे दिसतं ते कुठून आलं?

उत्तर : संग्रह हरवला हे खरं. मुस्तफा अबू अली, हानी जवहरिये आणि सुलाफा जादल्ला यांनी साठच्या दशकाच्या शेवटी पॅलेस्टिनी मुक्ती चळवळीचा चित्रपट विभाग सुरू केला. जवहरिये १९७६ मध्ये लेबनॉनमध्ये चित्रीकरण करतानाच मारले गेले. जमलेली रिळं बैरुतमध्ये होती. १९८२ च्या इस्रायली आक्रमणानंतर त्यांचा पत्ता लागला नाही. त्यातला काही भाग इस्रायली लष्कराच्या संग्रहात असल्याचं पुढे संशोधनातून बाहेर आलं.

वाचलं ते प्रतींमुळे. हे चित्रपट दाखवण्यासाठीच केलेले होते, म्हणून १६ मिलिमीटरच्या प्रती रोम, बर्लिन, तोक्यो अशा ठिकाणच्या मित्रसंघटनांकडे गेल्या होत्या. मूळ निगेटिव्ह गेलं आणि प्रत उरली, तर फरक पडद्यावर दिसतो : काळा रंग राखी होतो, ओरखडे पक्के बसलेले असतात, कधी मूळ अरबी निवेदनाच्या जागी जपानी किंवा इटालियन निवेदन असतं. मोहनद याकूबी यांनी ‘आर २१’मध्ये (२०२२) जपानी कार्यकर्त्यांनी सांभाळलेली अशी वीस रिळं घेतली आणि ती का सांभाळली गेली यावरच चित्रपट केला.

कमाल अल्जाफरी यांनी ‘रिकलेक्शन’मध्ये (२०१५) याच्या उलट वाट धरली. याफा शहरात इस्रायली आणि अमेरिकी कंपन्यांनी केलेले जुने कथाचित्रपट घेतले, त्यांतले नट संगणकावर पुसून टाकले आणि मागचे रस्ते, जिने, चुकून चौकटीत आलेले रहिवासी तेवढे ठेवले. सत्तर मिनिटांत कथा नाही, संवाद नाहीत. टीव्हीवर मधेमधे उठून पाहिला तर हाती काही लागणार नाही. अंधारात, हेडफोन लावून, एका बैठकीत पाहा. आमच्या मते गेल्या वीस वर्षांतलं हे सर्वांत धाडसी काम आहे.

सीरियाबद्दलही पत्रं आहेत, त्यांना इथेच थोडक्यात : आधी ‘फॉर समा’ (२०१९), मग ‘सिल्व्हर्ड वॉटर’ (२०१४). पहिल्यात अलेप्पोतली आई मुलीला उद्देशून बोलते, धागा हातात राहतो. दुसऱ्यात दिग्दर्शक ओसामा मोहम्मद पॅरिसला अडकलेले, होम्समधून सिमाव बेदिरखान चित्रण पाठवते, आणि बरीचशी दृश्यं लोकांनी फोनवर घेतलेली. छळाची दृश्यं उघड आहेत. एकट्याने पाहू नका.

प्रश्न (पेडणे) : वाचनालयाच्या सभागृहात शंभरेक माणसं बसतात. हिवाळ्यात चार अरब चित्रपट दाखवायचे आहेत. एका सभासदाकडे ओटीटीचं खातं आहे. त्यावरून दाखवले तर चालतील का? नाहीतर काय करावं?

उत्तर : चालणार नाही. ते खातं घरगुती वापरापुरतं असतं, प्रवेश फुकट ठेवला तरी. घरगुती डीव्हीडीचंही तसंच.

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. पहिली हक्कांची. चित्रपटाच्या शेवटी किंवा महोत्सवाच्या पुस्तिकेत जागतिक विक्री पाहणाऱ्या कंपनीचं नाव असतं. तिला सहा ते आठ आठवडे आधी ईमेल करा आणि पहिल्याच ईमेलमध्ये तारीख, गाव, खुर्च्या किती, तिकीट आहे की नाही, कोणत्या स्वरूपात प्रत हवी, सबटायटल कुठल्या भाषेत, हे सगळं लिहा. मोघम पत्राला उत्तर येत नाही. एका खेळाचं शुल्क मागतात; लहान गावचं ना-नफा वाचनालय आहे हे स्पष्ट लिहून सवलत मागायला संकोच करू नका. दुसरी गोष्ट प्रमाणपत्राची. १९५२ च्या चित्रपट कायद्याप्रमाणे सार्वजनिक खेळाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, आणि यांतल्या बहुतेक चित्रपटांना ते नसतं. महोत्सवांना माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घेता येते. तुमच्यासारख्यांनी फिल्म सोसायटी फेडरेशनशी संलग्न असलेल्या सोसायटीला बरोबर घेऊन, तिच्या नियमांनुसार फक्त सभासदांसाठी खेळ ठेवावा. गेटवर तिकीट विकलं की ती वाट बंद.

आता प्रत. थिएटरात दाखवणार असाल तर डीसीपी, म्हणजे थिएटरसाठीची डिजिटल प्रत, डिस्कवर येईल. ती डिस्क विंडोजच्या लॅपटॉपवर उघडत नाही, म्हणून ‘डिस्क बिघडली’ असं कळवून गोंधळ करू नका. प्रत कुलूपबंद असली तर चावीची वेगळी फाइल येते. ती त्या थिएटरच्या ठराविक सर्व्हरसाठी आणि ठराविक तासांसाठीच बनलेली असते. थिएटरने सर्व्हर बदलला, किंवा तुम्ही खेळ दोन तास पुढे ढकलला, तर चावी लागत नाही. म्हणून आदल्या दिवशी, चावी चालू असलेल्या वेळेत, पाच मिनिटं चालवून पाहा.

सभागृहासाठी एमपी-४ फाइल पुरते. शंभर मिनिटांची चांगली फाइल साधारण ९ जीबी होते. जुन्या पद्धतीच्या फॅट-३२ पेन ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही. ड्राइव्ह आधी एक्सफॅट करून घ्या. फाइल लॅपटॉपमध्ये उतरवून तिथूनच चालवा, पेन ड्राइव्हवरून नको.

दहा फूट रुंद पडद्याला अंधाऱ्या खोलीत तीन ते चार हजार ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरतो. थ्रो रेशो (प्रोजेक्टरचं अंतर भागिले पडद्याची रुंदी) १.५ असेल तर तो पंधरा फुटांवर ठेवावा लागेल. आधी मोजा, नाहीतर प्रोजेक्टर नेमका मधल्या वाटेत येतो. सर्वांत जास्त खेळ बिघडतात ते एका क्षुल्लक कारणाने : पडदा खाली लागतो आणि पुढच्यांची डोकी सबटायटल झाकतात. बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून चार फुटांवर येतं. पडद्याची खालची कड साडेचार फुटांच्या वर घ्या आणि खुर्च्या एकाआड एक सरकवून मांडा. संवाद परभाषेत, त्यामुळे आवाज थोडा कमी पडला तर चालेल. अक्षर दिसलंच पाहिजे.

उघड्यावर करायचं असेल तर नोव्हेंबरात पावणेसातनंतर पुरेसा अंधार होतो, आणि रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद करावा लागतो. दोन तासांचा चित्रपट आणि नंतर चर्चा बसते, पण भाषणं नाही बसत. सुदानचा माहितीपट ‘टॉकिंग अबाउट ट्रीज’ (२०१९) पहिल्याच खेळाला घ्या. ओमदुर्मानमधलं बंद पडलेलं उघडं थिएटर चार वयस्क दिग्दर्शक पुन्हा सुरू करू पाहतात. परवान्यांसाठी फिरतात, पडदा रंगवतात, आजूबाजूच्या अजानांच्या वेळा सांभाळतात. तुमच्या कार्यकारिणीला तो चांगलाच कळेल.

प्रश्न (वास्को) : घरच्या वडीलधाऱ्यांना इंग्रजी सबटायटल जमत नाहीत. मराठी स्वतः करून लावावी म्हणतो. कसं करू?

उत्तर : घरापुरतं करा, सभागृहात लावायची तर दिग्दर्शकाची किंवा हक्कधारकाची लेखी परवानगी घ्या. परवानगी देताना ते बहुधा संवादांची वेळ लावलेली एसआरटी फाइलही देतात. ती ‘सबटायटल एडिट’सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि वेळा न हलवता मजकूर बदला. एका वेळी दोनच ओळी, ओळीत पस्तीस-चाळीस अक्षरं. एका सेकंदापेक्षा कमी काळ कुठलीही ओळ ठेवू नका. सगळं वाक्य बसत नसेल तर विशेषणं सोडा, नावं आणि नकार सोडू नका.

वेळ चुकते तेव्हा कशी चुकते ते पाहा. पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच फरक असेल तर सगळी फाइल तेवढे सेकंद सरकवा. फरक वाढत जात असेल तर फ्रेम रेट वेगळा आहे : फाइल सेकंदाला २३.९७६ चौकटींची आणि चित्रपट २५ चा असला, तर दीड तासाने सबटायटल पावणेचार मिनिटांनी मागे पडलेली असतात. सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट बदलण्याची सोय आहे. आणि एका ठिकाणी एकदम उडी दिसली, तर तुमची प्रत आणि फाइल वेगवेगळ्या संकलनाच्या आहेत. तिथून पुढचा भाग वेगळा सरकवावा लागेल.

फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्येच जतन करा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतील. काही टीव्हींवर जोडाक्षरं फुटतात. त्यावर उपाय म्हणजे सबटायटल चित्रातच कोरून घेणं. हिब्रू संवादांना वेगळा रंग द्या. ‘वेडिंग इन गॅलिली’त कोण कोणत्या क्षणी भाषा बदलतो यावर प्रसंग फिरतो, आणि इंग्रजी सबटायटलमध्ये ते पुसलं जातं. ‘अम्मो’ला ‘अंकल’ करू नका. अनोळखी वडीलधाऱ्याला तो शब्द आपण ‘काका’ म्हणतो तसाच वापरतात.

प्रश्न (कवळे) : सोळाव्या शतकात सासष्टीतले देव नदीपलीकडे फोंड्यात आणून लपवले, त्यातून आमची देवळं उभी राहिली. लपवलेला वारसा आणि त्यावरचा हक्क, या विषयावर अरब चित्रपट आहे का?

उत्तर : आहे, आणि तो जगातल्या उत्तम चित्रपटांत मोडतो : शादी अब्देल सलाम यांचा ‘अल् मूमिया’ (१९६९). १८८१ सालची खरी घटना आहे. दैर अल्-बहरीच्या डोंगरात फारोंच्या ममी एकत्र दडवलेल्या होत्या. एका टोळीला ती जागा ठाऊक होती आणि टोळी त्यातल्या वस्तू विकून जगत होती. बाप वारल्यावर हे गुपित तरुण वनीसच्या हाती येतं. तुमच्याकडे देव लपवले ते पूजा चालू राहावी म्हणून. इथे लपवलेल्यांची पूजा करणारं कोणी उरलेलं नाही, आणि वनीसला पेच पडतो तो तिथेच. कैरोहून आगबोटीने आलेले तरबूशवाले (उंच लाल टोपीवाले) अधिकारी वारसा वाचवतात, पण तो डोंगरातल्या माणसांपासून वाचवतात. चित्रपट कोणाच्याच बाजूने निकाल देत नाही.

संवाद बोलीत नसून ग्रांथिक अरबीत आहेत, चाली संथ आहेत. पहिली वीस मिनिटं धीर धरा. २००९ मध्ये दुरुस्त झालेली प्रतच पाहा, कारण पहाटेच्या फिकट प्रकाशातली दृश्यं जुन्या व्हिडिओवर पांढरी पडतात.

प्रश्न (डिचोली) : दहा-बारा वर्षांच्या मुलांसोबत पाहता येईल असं यात काही?

उत्तर : हैफा अल् मन्सूर यांचा ‘वज्दा’ (२०१२), बिनधास्त. रियाधमधल्या मुलीला सायकल हवी आहे. दिग्दर्शिकेला रस्त्यावर पुरुषांमध्ये उभं राहून काम करता येत नव्हतं, म्हणून तिने व्हॅनमध्ये बसून वॉकीटॉकीवरून सूचना दिल्या. हे मुलांना आधी सांगा, मग रस्त्यावरची दृश्यं ती वेगळ्या नजरेने पाहतात. नाजी अबू नवार यांचा ‘थीब’ (२०१४) जॉर्डनच्या वाळवंटात बदू (वाळवंटातल्या भटक्या जमातीच्या) मुलांमाणसांना घेऊनच केलाय आणि मुलांना खिळवून ठेवतो, पण त्यात गोळीबार आणि मृत्यू आहेत. तेराच्या पुढे दाखवा.